बारा वाव जाळी

“गो रसिका, माजी जाळी खय?”

सोमवारी सकाळी सात वाजता शेवंतीकाकी आमच्या पडवीत उभी राहून हे विचारत होती, आणि मी एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हातानं मोबाइलवरचे फोटो चाळत होते. आदल्या दिवशी आमच्या करंजोळीच्या किनाऱ्यावर कंपनीची मोठी स्वच्छता मोहीम झाली होती. पुण्याहून दोन बस भरून माणसं आली होती, सगळी एकसारख्या निळ्या टी-शर्टात. चार तासांत त्यांनी किनारा असा झाडून काढला की आमच्या अंगणातसुद्धा कधी तसा केरसुणीचा हात फिरला नसेल. त्यातले वीस चांगले फोटो मला नऊच्या आत पाठवायचे होते. मी वर न बघताच म्हटलं, असेल गं सुरूच्या झाडांखाली, नीट बघ.

“बघून ईलंय. तीनदा बघलंय. बुचाचो एक तुकडो सुद्धा नाय थय.”

आता मी मान वर केली. काकी अनवाणी होती. तिच्या हातात जाळं विणायची सुई होती आणि सुईला हिरवा दोरा तसाच गुंडाळलेला होता. जाळीतली शेवटची चार भोकं सांधायला ती किनाऱ्यावर गेली होती आणि रिकाम्या वाळूवरून तशीच माझ्याकडे आली होती. मी कप खाली ठेवला.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि त्या कंपनीची आमच्या गावची समन्वयक होते. समुद्रातून प्लास्टिक काढायचं, कोल्हापूरच्या एका कारखान्यात त्याचे दाणे करायचे, आणि त्या दाण्यांपासून दुसऱ्या कंपन्यांनी खुर्च्या, ट्रे, चष्म्याच्या काड्या बनवायच्या, असा सगळा मामला होता. हे मी इतक्या शाळांत, इतक्या सभांत सांगितलं होतं की झोपेत उठवलं असतं तरी न अडखळता सांगितलं असतं. एक गोष्ट मात्र मी सभेत सांगत नसे. बाटल्या, पिशव्या, थर्माकोल यांना कुत्रं विचारत नव्हतं. त्यांची पोती शेडमागं सहा सहा महिने पडून असत. कंपनीला हव्या होत्या त्या नायलॉनच्या जाळ्या, कारण खुर्ची होते ती जाळीची.

त्या वर्षी एका खुर्चीवाल्या कंपनीशी नवी भागीदारी झाली होती. गणपतीच्या आधी एक टन जाळी द्या, आम्ही तुमच्या रापण संघाला बर्फाची खोली बांधून देतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. संघाचे तांडेल म्हणजे माझे बाबा, दाजी गिरकर. समुद्रात जाळी कधी घालायची, कुठं घालायची, केव्हा ओढायची, हे आमच्या गावात त्यांच्या शब्दावर चालायचं. महिनाभर मी त्यांना रोज जेवताना वजन सांगत होते. बाबा, अजून तीनशे किलो कमी आहे. बाबा, अजून दोनशे. बाबा, अजून पन्नास, तेवढ्यासाठी अडतंय बघा. ते ऐकायचे आणि ताटात बघून जेवायचे.

रापण म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर काकी एवढी का हादरली ते कळणार नाही. होडी किनाऱ्यावरून निघते, अर्धगोल फिरत लांबलचक जाळी पाण्यात सोडते आणि दुसऱ्या बाजूनं परत किनाऱ्याला लागते. मग सगळा गाव दोन रांगांत उभा राहून दोन्ही टोकं ओढतो. ही जाळी एका मालकाची नसते. आमच्या रापणीत एकेचाळीस घरांचे तुकडे एकमेकांना बांधलेले होते. ज्याचा तुकडा पाण्यात, त्याला मासळीचा वाटा. दरवर्षी नारळी पुनवेनंतर किनाऱ्यावर जोडणी व्हायची. त्या दिवशी ज्याचा तुकडा आला नाही, त्याचा वाटा गेला, तो कायमचा. नवा वाटेकरी वीस वर्षांत कुणी घेतला नव्हता, कारण मासळीच कमी झाली होती. असलेल्यांनाच पुरत नव्हती.

शेवंतीकाकीचा नवरा, आमचा न्हानूकाका, बाबांचा चुलतभाऊ. तीन वर्षांपूर्वी तो गेला. मूलबाळ नव्हतं. एकटी बाई काय रापण ओढणार, तिचा वाटा आता संघात जमा होईल, असं सगळ्यांनी मनात धरलं होतं. त्या वर्षी जोडणीच्या दिवशी काकी बारा वाव, म्हणजे सत्तरेक फूट, जाळी डोक्यावर घेऊन आली आणि आमच्या तुकड्याशेजारी, न्हानूकाकाच्या जागेवर, टाकून बसली. कुणी ब्र काढला नाही. मग ती पुरुषांच्या रांगेत उभी राहून दोरी ओढू लागली. वाट्याला आलेला बांगडा ती विकायची, उरलेला सुकवायची, आणि त्यावर तिचं वर्ष निघायचं. दुसरं काही नव्हतं तिच्याजवळ.

यंदाची जोडणी गुरुवारी होती.

मी निनादला फोन लावला. निनाद मराठे कंपनीचा आमच्या भागाचा प्रमुख होता, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, बोलायला गोड. त्यानं सगळं ऐकून घेतलं. गाडी रविवारी संध्याकाळीच गेली, पण बुधवारच्या आत यंत्राला काही लागत नाही, मंगळवारी या, आपण शोधून काढू, असं म्हणाला. मला बरं वाटलं. काकीला म्हटलं, उद्या पहिल्या गाडीनं जाऊ.

बाबांना सांगायला गेले तेव्हा ते मागच्या दारी शिसाचे मणी ओवत होते. ते म्हणाले, जाऊ नको. एका जाळीसाठी कंपनीशी वाकडं कशाला घ्यायचं, तिला काहीतरी दुसरं देऊ. मला वाटलं, ह्यांना बर्फाची खोली दिसतेय. मी चिडले. रागाच्या बाबतीत मी बापावरच गेलेय. मी म्हटलं, तुमच्या चुलतभावाची जाळी आहे ती, आणि तिथून निघून आले. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

मंगळवारी पहाटेची एसटी धरून आम्ही निघालो. घाटात काकीला उलट्या झाल्या. ती आयुष्यात पहिल्यांदा घाट चढत होती. तरी मध्ये मध्ये विचारत होती की त्या माणसांनी जाळी घडी करून ठेवली असेल ना, गोळा करून टाकली असेल तर बुचं अडकून फाटते. मी म्हटलं, असेल, घडीच केली असेल.

कारखाना शहराबाहेर होता. निनाद फाटकातच उभा होता. त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं. खुर्चीवाल्यांची घाई होती, त्यामुळे कारखान्यानं माल आदल्या दिवशीच, सोमवारी दुपारी, यंत्राला लावला होता. मला रात्रीच कळवायचं होतं, पण कसं सांगायचं ते सुचेना, असं तो म्हणाला. मी म्हटलं, म्हातारीला पाच तास ओकत आणलं मी इथवर.

काकीला अजून काही समजलं नव्हतं. तिला तो आत घेऊन गेला. छपराखाली जळक्या प्लास्टिकचा वास भरला होता आणि भिंतीला लावून पांढरी पोती रचलेली होती. निनादनं एका पोत्याचं तोंड सोडलं आणि ओंजळभर दाणे काढून काकीच्या हातावर ठेवले. काळपट हिरवे, साबुदाण्याएवढे दाणे. ह्या पोत्यांतच तुमची जाळी आहे मावशी, तो म्हणाला, फक्त तिचं रूप बदललंय.

काकी दाण्यांकडे बघत राहिली. मग रचलेल्या पोत्यांकडे बघितलं. तीसेक पोती असतील.

“ह्यातली माजी खयची?”

निनाद जे त्याला येत होतं तेच बोलू लागला. अगदी मनापासून बोलत होता, हे मला आजही कबूल करावं लागतं. ह्या दाण्यांच्या खुर्च्या होणार आहेत. त्यातली पहिली खुर्ची तुमच्या घरी येईल, तुमच्या नावाची पट्टी लावून. खुर्ची नको असेल तर दुसरंही होतं. आमचे भागीदार ट्रे करतात, पिशव्यांच्या कड्या करतात, लहान मुलांची घसरगुंडी करतात. तुम्हाला काय उपयोगी पडेल ते सांगा, मी स्वतः करून घेतो.

“काय पण करून देतलास?”

“काहीही, मावशी.”

“मगे माका जाळी करून दिया.”

निनादनं सांगितलं की तेवढं एक होत नाही. ह्या दाण्यांचा धागा निघत नाही, निघाला तरी ओढ सोसत नाही, जाळीला कोरंच नायलॉन लागतं. काकीनं शांतपणे ऐकलं. ओंजळीतले दाणे एकही न सांडता तिनं पोत्यात परत ओतले, पदराला हात पुसले आणि ती बाहेर गेली.

मग माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. सुट्टीच्या दिवशी निळे टी-शर्ट घालून येता, आमच्या किनाऱ्यावर उभं राहून फोटो काढता, आणि एका विधवेच्या तोंडातला घास चोरून नेता, असं म्हणाले. चोर हा शब्द मी पाच-सहा वेळा वापरला. कारखान्यातली माणसं काम थांबवून बघत होती. निनादनं मला ऑफिसात नेलं, खुर्चीवर बसवलं, कपाटातून एक फाइल काढली आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला.

तो आमचाच छापील कागद होता. समुद्रातून आलेल्या मालाची खात्री पटावी म्हणून प्रत्येक जाळीमागं असा कागद भरायचा, हे मीच गावात शिकवलं होतं. जाळी नायलॉन, हिरवी, अंदाजे बारा वाव. ठिकाण, सुरूच्या झाडांखाली. मालक, बेवारस. खाली बाबांची सही होती. दाजी कृष्णा गिरकर, मराठीत, प्रत्येक अक्षर सुटं. त्याखाली समन्वयक म्हणून माझी सही होती.

रविवारी सकाळी पाहुण्यांच्या गडबडीत मी चाळीस कोऱ्या कागदांवर सह्या करून गठ्ठा बाबांच्या हातात दिला होता. आणि फोटो काढायला पळाले होते.

“विचारल्याशिवाय आम्ही एकही जाळी उचललेली नाही, रसिका,” निनाद हळूच म्हणाला.

मी म्हटलं, तिला बुचं होती, शिसं होतं, ताज्या दोऱ्यानं सांधलेली होती, तुम्हाला डोळे नव्हते का?

“चांगली जाळी आणि टाकलेली जाळी आम्हाला सारखीच दिसते गं. म्हणून तर तुला ठेवलंय.”

त्याच्या कानाखाली मारावंसं वाटलं. पण तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. तो म्हणाला, मूळ प्रत आहे, फाइलला लागते. मी म्हटलं, लागू दे.

बाहेर आले तर काकी दिसेना. कारखान्याच्या मागं, यंत्राला न चालणाऱ्या वस्तूंचा ढीग होता. बुचं, काथ्या, तारा, चपला, गुंतवळ झालेल्या दोऱ्या. काकी त्या ढिगात गुडघ्यापर्यंत उभी राहून दोरी ओढत होती. तिनं कासोटा खोचला होता, रापणीच्या दिवशी खोचते तसा. यंत्रात घालण्याआधी माणसं जाळीची वरची दोरी कापून फेकतात, कारण तिच्यात सुंभ असतो आणि तो पात्यात अडकतो, असं नंतर मला तिथल्या एका बाईनं सांगितलं.

काकी दोरीचं प्रत्येक बूच हातात घेऊन वळवून बघत होती. कशी ओळखतेस, मी विचारलं. ती म्हणाली, न्हानूकाका डावखुरा होता, त्याची गाठ उलटी पडते. एक एक करून तिनं बारा वाव दोरी मोकळी केली. दोन तास लागले. निनादनं मदतीला माणूस देऊ केला, तिनं नको म्हणून हात हलवला.

“गावली,” ती म्हणाली. “आता काय ती भीती नाय. दोरी आसा म्हणजे जाळी आसा.”

मला हे माहीत नव्हतं. तिनंच समजावलं. जाळी काय, दर दोन-तीन वर्षांनी फाटते. आपण जुनी काढतो, नवी भरतो. म्हणून काय दरवेळी नवा वाटेकरी धरतात? वरची दोरी तीच असली की जाळी जुनी. सासऱ्याच्या वेळची दोरी आहे ही, हिच्यावर कितीदा तरी जाळी बदलली. गुरुवारपर्यंत जाळी भरून होणार नाही, दीड महिन्याचं काम आहे ते, पण दोरी घेऊन बसायला मला कोण अडवणार?

परतीच्या गाडीत तिनं दोरीचं वेटोळं मांडीवर घेतलं आणि त्यावर डोकं टेकून झोपली. कागद माझ्या पर्समध्ये होता. कुडाळच्या स्टँडवर आम्ही चहा प्यायलो, तेव्हा सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. स्वतःला म्हटलं, आधी बाबांना विचारते.

बाबांना विचारलं. कागद त्यांच्या समोर ठेवला. त्यांनी तो वाचला नाही, काय आहे ते त्यांना ठाऊकच होतं.

“ती एकटी बाई. आज ओढतली, उद्या पडतली. कुणाक सांगतली मगे? बर्फाची खोली अख्ख्या गावाक होतली.”

मी म्हटलं, बेवारस लिहिलंत तुम्ही. न्हानूकाकाच्या जाळीवर.

“आणि तू रोज माका किलो सांगी होतंस, ता कित्याक?”

मी कागद परत पर्समध्ये टाकला. ते म्हणाले, तिला काही सांगू नकोस, आपण तिला वर्षाचे तांदूळ देऊ. बुधवार असाच गेला. मी ऑफिसला फोन केला नाही, कुणाचा घेतलाही नाही. खोलीत पडून राहिले. राग बाबांचा होता, निनादचा होता, त्या टी-शर्टांचा होता, पण फिरून फिरून त्या चाळीस कोऱ्या सह्यांवर येऊन बसत होता.

गुरुवारी सकाळी एकेचाळीस घरं किनाऱ्यावर जमली. देवीला नारळ झाला. तुकडे ओळीनं मांडले गेले. आमच्या तुकड्याशेजारी बारा वाव जागा रिकामी होती. काकी आली, तिनं दोरी त्या जागेत सरळ पसरली आणि एका टोकाशी बसली. नुसती दोरी, तिच्यावर बुचं, आणि खाली वाळू. काहीजण हसले.

बाबा म्हणाले, ही दोरी झाली, जाळी खय आसा? काकीनं आपलं म्हणणं मांडलं. मग सगळ्यांनी आबा सारंगांकडे पाहिलं. ते नव्वदीचे होते, त्यांना होडीच्या फळीवर आणून बसवलं होतं. त्यांनी दोरी जवळ मागितली, दोन गाठी चाचपल्या आणि म्हणाले, दोरी जुनी तर जाळी जुनी. नेम तसाच आहे.

बाबांच्या गळ्याची शीर फुगली. मी ती लहानपणापासून ओळखते. चार माणसांत त्यांचा शब्द खाली पडला होता. शहाण्या तांडेलानं काय केलं असतं? आमचा तुकडा थेट पलीकडच्या तुकड्याला बांधून दोरी वरून नावापुरती अडकवली असती. तिचाही मान राहिला असता आणि रापणही चालली असती. दोघा-तिघांनी तसं सुचवलंही.

“नाय,” बाबा म्हणाले. “नेम तो नेम. तिची जाळी म्हणजे ही दोरी ना? जोडा मगे तशीच. बघू दे तिका, दोरीत किती बांगडो गावता तो.”

आणि आमच्या तुकड्याचं टोक त्यांनी स्वतःच्या हातानं काकीच्या दोरीला बांधलं. खालच्या बाजूला बांधायला काही नव्हतंच. ह्या भगदाडातून मासळी गेली की सगळा गाव काकीला शिव्या घालील आणि पुढच्या वर्षी ती आपणहून येणार नाही, हे त्यांच्या मनात होतं. मला ते तिथं उभ्या उभ्या वाचता आलं, कारण त्यांच्या जागी मी असते तर रागात मीही हेच केलं असतं.

होडी गेली, जाळी सुटली, होडी परत आली. आम्ही ओढायला लागलो. काकी माझ्या पुढं होती. पाऊण तासानं रापण जवळ आली आणि आत पाणी काळं दिसायला लागलं. बांगडा होता. मोसमातली पहिली रापण आणि एवढा बांगडा आबांनीही बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. लोक ओरडायला लागले, ओढा, ओढा. मग त्या काळ्या पाण्याला एका बाजूनं शेपूट फुटलं. आमच्या तुकड्याच्या शेजारी, जिथं नुसती बुचं तरंगत होती, त्यांच्या खालून बांगडा बाहेर पडायला लागला. आधी थोडा, मग सगळा. उन्हात पाणी चमकत होतं आणि आम्ही दोऱ्या हातात धरून बघत होतो. काही माणसं पाण्यात धावली, हातांनी पाणी बडवू लागली. त्याचा काय उपयोग होणार होता?

जाळी किनाऱ्याला आली तेव्हा आत सात-आठ पाट्या मासळी होती. साठ-सत्तर पाट्या यायला हव्या होत्या.

आणि बाबांना हवं होतं तेच सुरू झालं. एका बायलेपायी अख्ख्या गावाचं गेलं, कुणीतरी म्हणालं. मग दुसरं कुणी. मग बायकाही बोलायला लागल्या. काकी आपली दोरी सोडवत होती.

मी पर्समधून कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. जाळी नायलॉन, हिरवी, बारा वाव. ठिकाण, सुरूच्या झाडांखाली. मालक, बेवारस. सही, दाजी कृष्णा गिरकर. सही, रसिका दाजी गिरकर. दोन्ही नावं मी सारख्याच आवाजात वाचली. वाचून झाल्यावर म्हटलं, जाळी काकीनं हरवली नाही. आम्ही दोघांनी ती विकायला दिली, खोलीच्या बदल्यात.

सगळे बाबांकडे बघू लागले.

“म्हणजे ह्या भोक दाजीन पाडल्यान,” आबा सारंग फळीवरून म्हणाले.

काकी मात्र माझ्याकडे बघत होती. ती जवळ आली. तिनं कागद हातात घेतला, बोट ठेवून शेवटची ओळ वाचली, आणि घडी करून मला परत दिला.

“मंगळवारी गाडयेत तुका ह्या म्हायत होता?”

मी हो म्हटलं.

ती मला पुढं एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतर बराच काळ नाही. आज ह्याला चौदा वर्षं झाली. मी ती नोकरी सोडली, कंपनीची बर्फाची खोली उभी राहिली, खुर्च्याही आल्या. संघाच्या ओट्यावर त्यातल्या सहा अजून आहेत आणि त्या चांगल्या टिकल्यात. काकी आता माझ्याशी बोलते, सणाला बोलावते. पण तिचा तो प्रश्न आठवला की अजून कानशिलं तापतात, आणि तो राग दुसऱ्या कुणावर काढता येत नाही.

त्या दिवशी वाटे घालायचं काम बाबांचंच होतं. त्यांनी एकेचाळीस वाटे घातले. मूठ मूठ मासळी आली प्रत्येकाला. काकीचा वाटा त्यांनी सगळ्यांत आधी उचलला आणि स्वतः तिच्यासमोर नेऊन ठेवला. मला वाटतं, ते काहीतरी बोलणार होते. काकीनं वाटा पाटीत घेतला, दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली,

“दाजी, उद्या परत हीच दोरी घेऊन येतलंय.”

आणि ती गेली.

उन्हं उतरली तेव्हा बाबा आमचा तुकडा ओढत अंगणात घेऊन आले. चोवीस वाव होता तो, त्यांच्या आजोबांपासूनचा. त्यांनी तो पसरला, पावलांनी अर्धा मोजला आणि तिथं खाली बसले. मी पायरीवर होते. त्यांनी माझ्याकडे न बघता सुरी मागितली. मी आत जाऊन सुरी आणली, त्यांच्या हातात दिली, आणि परत पायरीवर येऊन बसले. ते एकटेच कापत राहिले. मी हात लावला नाही.